दाजी, तुमची पाटी अजून म्हसोबापाशीच आहे

अन्याय झाला तो भास्कर निवृत्ती खैरनार यांच्यावर. मूळ नामपूरचे, राहणार पंचवटी, धंदा पिकअपचा. यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, पेठच्या रस्त्याने टोमॅटो घेऊन घाट उतरताना त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकातलं ब्रेक पॅड निकामी झालं आणि ते गेले. हा पहिला अन्याय. दुसरा त्यांच्या दशक्रियेला झाला, गोदावरीच्या काठावर, आपल्याच माणसांत. कोणीतरी म्हणालं, "न्यूट्रलवर उतरला असणार. डिझेल वाचवायला करतात ना हे लोक." आणि आजूबाजूच्या माना हलल्या. पिंड अजून ओले होते.

दाजी, नाव घातलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी घातलं. पत्रकाची पहिली ओळ अशीच लिहायची असते, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. आमच्या चालक सुरक्षेच्या मोहिमेचं प्रत्येक पत्रक तुमच्या गाडीच्या ताडपत्रीखाली बसून गावोगाव गेलंय. कधी मालेगावला, कधी सटाण्याला, कोथिंबिरीच्या जुड्यांना टेकून. एकदा तुम्ही एक पत्रक स्टेअरिंगवर ठेवून पूर्ण वाचलंत आणि म्हणालात, "मेहुणीबाई, तुमच्या पत्रकात पहिल्या ओळीला अन्याय, शेवटच्या ओळीला मागणी. मधी कोणी कोणाला जेवलास का म्हणून विचारतच नाही."

म्हणून आज विचारते. त्या दिवशी जेवला होतात का? ताई म्हणते, डबा उघडलेला नव्हता. मेथीची भाजी आणि भाकरी होती. केबिनमध्ये डब्याशेजारी नवे गोंडे सापडले, पिवळे आणि लाल, कागदात गुंडाळलेले. दुसऱ्या दिवशी पोळा होता ना. नामपूरला तुमच्या वडिलांची बैलजोडी गेली, तेव्हापासून तुम्ही पोळ्याला गाडी धुवायचात. बॉनेटला गेरूचे ठिपके, आरशांना गोंडे, आणि ताईने केलेली पुरणपोळी वायपरखाली. आख्खी गल्ली हसायची. मी तर सगळ्यात जास्त. "दाजी, ती खाणार आहे का पोळी?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणायचात, "बैलबी पहिला घास नाही खात. लाजस तो."

गोंडे ताईने कपाटात ठेवलेत. काय करायचे ते तिला सुचत नाही, मलाही नाही.

आपला वाद अर्धा राहिला, त्याचं काय करायचं तेही सुचत नव्हतं. म्हणून लिहायला बसले. वाद कशाचा होता ते वाचणाऱ्यांना माहीत नाही, त्यामुळे तुम्हाला माहीत असलेल्याच गोष्टी परत सांगते. ऐकून घ्या. एरवी नाहीतरी तुम्ही माझं म्हणणं अर्ध्यात तोडायचात.

घाटाच्या माथ्यावर, चहाच्या टपरीच्या मागे, शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. त्या रस्त्याच्या पिकअपवाल्यांची रीत अशी की गाडीला नवं पॅड टाकलं की जुनं त्याच्या पायाशी ठेवायचं. पॅड म्हणजे हातात मावेल एवढी लोखंडी पाटी, आणि तिला चिकटवलेला काळा थर. ब्रेक दाबला की हा थर चाकाच्या तबकडीला घासतो आणि गाडी थांबते. रोज थोडा थोडा झिजतो. झिजून पातळ झाला की पॅड बदलायचं. इतके दिवस थांबवलंस, आता तुझं तुला परत, अशी त्या ठेवण्यामागची भावना. मला ती कधी पटली नाही, पण तिच्यावर मी पत्रकही काढलं नाही. भंगारवाल्याला दिलं काय आणि देवाला दिलं काय, कोणाचं बिघडत नव्हतं.

बिघडलं ते गेल्या दिवाळीनंतर. तुम्ही पेढे घेऊन घरी आलात. मी ताईकडेच जेवायला होते. "कसले पेढे?" ताईने विचारलं. तुम्ही हात धुवत धुवत, पाऊस पडला की नाही सांगावं अशा आवाजात म्हणालात, "घाटात पॅड सुटलं. पेडल पार खाली. चढाचा रस्ता आडवा आला म्हणून थांबलो. म्हसोबानं वाचाडं."

ताईच्या हातातली पोळी तव्यावरच करपली.

मी विचारलं, "सुटलं म्हणजे? झिजलं होतं?"

"नाही ना. जाड होतं चांगलं. नवंच होतं. थर आख्खा पाटी सोडून निंघी गया. बिस्कीट निघावं तसा."

"पाटी कुठे आहे?"

"म्हसोबाला."

"दाजी! तुम्ही पुरावा देवाला दिलात?"

"देवाला काय पुरावा लागतो व्हय? त्यानेच तर वाचवलं. गेल्या पोळ्याचा गोंडा होता आरशाला, तो बांधला पाटीला आणि ठेवली. नारळ फोडला. संपलं."

"संपलं कसं? ज्या दुकानातून घेतलंत त्याच्या तोंडावर नेऊन टाकायची ती पाटी. असला माल अजून किती गाड्यांना लागला असेल!"

"जीव वाचना, हाई कमी शे का?"

"तुमचा वाचला. पुढच्याचा?"

तेव्हा तुम्ही ताटावर येऊन बसलात. मग म्हणालात, "तू पत्रक काढशील. मग तो दुकानदार, तो माझ्या गावाकडचा माणूस. त्यालाबी माल वरूनच येतो, बंद खोक्यात. त्याच्या लेकराबाळांच्या तोंडाला काळं लागंल." मी ताट सरकवून म्हणाले, "मग मी जाते उद्या आणि ती पाटी उचलून आणते." तुमचा आवाज मी त्याआधी चढलेला ऐकला नव्हता. "देवाचं उचलायचं नाही! उचलायचंच झालं तर ज्याने ठेवलं त्याने. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

"मग तुम्ही उचला."

"बघू."

ताई म्हणाली, "ताटं उचला आधी दोघं." तो वाद तिथे थांबला.

पत्रक मी काढलं. पाटीशिवाय, नावाशिवाय. 'ब्रेक पॅड तपासून घ्या' असं मोघम. पिकअपच्या स्टँडवर त्याच्यावर भजी खाल्ली गेली. तुम्हीच येऊन सांगितलंत, वर हसलात, "कागद चांगला होता, तेल गळालं नाही."

मग वर्षभर तुमचं "बघू" चाललं, आणि नवी पॅडंही तुम्ही काही न बोलता त्याच दुकानातून घेतलीत. उन्हाळ्यात द्राक्षांची धावपळ होती. नंतर गाडीचं पासिंग आलं. पोळ्याच्या त्या आठवड्यात मात्र तुमचा फोन आला आणि तुम्ही इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणालात, "पोळा झाला की जाऊ दोघं. तू नारळ आण, पाटी मी उचलतो. देवाला सांगतो, तुझ्यावर भरोसा नाही असं नाही, पण पोरगी ऐकत नाही. फक्त पत्रकात माझं नाव घालू नको."

मी "बरं" म्हणाले. एवढंच. तुम्ही हरलात म्हणून मनातल्या मनात खूश झाले होते. आता वाटतं, हरण्याचा त्यात काही संबंध नव्हता. "तुमचा वाचला, पुढच्याचा?" हा माझा प्रश्न तुम्ही वर्षभर त्या घाटातून वरखाली नेलात. मी विसरूनही गेले असते. तुम्ही विसरला नाहीत. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं, आणि सुचलं फक्त "बरं".

आता घाटातलं सांगते. तुम्ही तिथे होतात, पण तुमच्यामागे काय काय ठरवलं गेलं ते तुम्हाला माहीत नाही.

तुमच्या मागच्या गाडीत मधू अण्णा होते, तुमच्याच स्टँडवरचे, तुमच्यापेक्षा वयाने मोठे, आल्याची पोती घेऊन निघालेले. त्यांनी सगळं पाहिलं. ते मला म्हणाले, "पोरी, तुझ्या दाजीनं हॉर्न दाबूनच धरला व्हता. आन् इंजिन अस्सं वरडत व्हतं! गिअर खाली खाली टाकीत व्हता त्यो. न्यूट्रलवरची गाडी वरडत नसती, सुसाट जाती गप." पुढे वळण होतं. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर. तुम्ही उजवीकडे घेतलीत.

देवळालीच्या रस्त्यावर मला गाडी शिकवताना तुम्ही हेच सांगितलं होतं. त्या सपाट रस्त्यावर घाटाचा धडा कशाला, असं मी विचारलं होतं. "ब्रेक लागला नाही तर डोंगराच्या अंगाला घ्यायचं. गाडी जाईल, माणूस राहील." मी लष्कराच्या एका भिंतीला गाडी घासली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर, फक्त आता ब्रेक लागत होता." तुम्ही डोंगराच्याच अंगाला घेतलीत, दाजी. शिकवल्याप्रमाणे. यावेळी माणूस राहिला नाही.

ताईने मला एकच प्रश्न विचारला. रडून झाल्यावर, केस बांधता बांधता. "घाई नव्हती ना गं केली त्यांनी?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मला माहितीये. पण लोकांना कोण सांगणार?"

पोलीस ठाण्याच्या आवारात चाक उघडलं तेव्हा मी हजर होते. पाटी उघडी, कोरी. थर नाही. मी साहेबांना म्हणाले, हे बघा. ते वाईट माणूस नव्हते. नीट वाकून बघितलं आणि म्हणाले, "टक्कर झाल्यावर निघालं असेल." मी म्हणाले, "पाटीवर तबकडीचे गोल ओरखडे आहेत. टक्कर झाल्यावर चाक फिरतं का? ओरखडे आधीचे आहेत. म्हणजे थर आधी गेला." त्यांनी मान डोलावली. "मुद्दा आहे. पण बाई, एका गाडीचं असं झालं तर ती त्या गाडीची, त्या ड्रायव्हरची गोष्ट होते. पॅड कुठून घेतलं, कोणी बसवलं, त्याने बघितलं का नाही. अजून गाड्यांचं असंच झालं असेल तर गोष्ट बदलते. आहेत का अजून?"

स्टँडवर मी एकेकाला विचारलं. तुमच्या गाडीचं पॅड कधी असं सुटलं होतं का? सगळे म्हणाले, नाही. पटापट म्हणाले. कोणी चहाचा ग्लास विसळायला लागलं, कोणाला अचानक टायरमधली हवा बघायची होती. पत्रकं वाटून वाटून मला एवढं कळायला लागलंय की इतक्या पटकन आलेलं "नाही" हे नाही नसतं.

मग ताईच म्हणाली, "चल, म्हसोबाला जाऊ."

मधू अण्णांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून वर नेलं. त्या वळणापाशी त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. डोंगराच्या कातळावर पांढरा ओरबाडा अजून दिसतो. टोमॅटोचा एक लाल डबा, तुम्ही कॅरेट म्हणायचात तो, खालच्या झुडपात अडकलेला आहे. ताईने दोन्हींकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

म्हसोबापाशी पॅडचा ढीग आहे हे मला माहीत होतं, पण त्याच्याकडे मी कधी वाकून बघितलं नव्हतं. आम्ही हात लावला नाही, दाजी. नुसतं बघितलं. बरीचशी पॅडं सरळ झिजलेली. थर पातळ, सारखा, शेवटपर्यंत पाटीला धरून राहिलेला. आपलं काम पुरं करून आलेली. पण त्यांच्यात मध्येमध्ये कोऱ्या पाट्या होत्या. थरच नाही. आणि काही पाट्यांशेजारी तो थर वेगळा ठेवलेला, जाडजूड, वापरलाच नसावा असा. कोऱ्या पाट्यांच्या पाठीवर चांदणीचा ठसा. तुमच्या चाकातून निघालेल्या पाटीवर होता तोच.

मग मला तो ढीग वेगळा दिसायला लागला. त्यातली एकेक कोरी पाटी म्हणजे वाचलेला एकेक माणूस. पेडल खाली गेलं, जीव मुठीत आला, कशीबशी गाडी थांबली. मग तो वर आला, नारळ फोडला, डोळे मिटले, पाटी ठेवली आणि पेढे घेऊन घरी गेला. घरी सांगितलं, म्हसोबाने वाचवलं. दुकानात सांगितलं नाही, स्टँडवर सांगितलं नाही. जो तो आपापला वाचला आणि आपापला गप्प बसला. आणि दुकानातला पुढचा खोका पुढच्या गाडीला लागला. आभार मानायची पद्धतच अशी होती की पुढच्याला सावध करणारी वस्तू देवाच्या पायाशी गुपचूप जमा व्हावी.

तुमचीही तशीच. तुम्हाला वगळत नाही. तुम्ही असतात तरी तोंडावर बोलले असते.

ताई ढिगाच्या एका कडेला खाली बसली. "हे ह्यांचं," म्हणाली. कोऱ्या पाटीला बांधलेला पिवळा गोंडा. पावसाने रंग उतरलेला. तिचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना तेच आठवलं. ज्याने ठेवलं त्याने.

त्या पाटीची मला गरज होती. ती साहेबांच्या टेबलावर ठेवली असती तर एकाच माणसाच्या गाडीला एकाच ठशाच्या मालाने दोनदा दगा दिला हे दिसलं असतं. तुमचं नाव धुऊन निघालं असतं. पण ताईने हात मागे घेतला, आणि मी तिला घे म्हणाले नाही. देवासाठी नाही. मी म्हसोबाला मानत नाही, तेही तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शब्द टाकला होता म्हणून.

तेवढ्यात मधू अण्णा पुढे आले. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. मग वाकून मागच्या बाजूची एक कोरी पाटी उचलली.

"ही माझी," म्हणाले. "मागल्या हिवाळ्यात ठिवली."

ताई उठून उभी राहिली. मीच म्हणाले, "अण्णा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं व्हतं. लय जीवावर आलं व्हतं नाय म्हणायला. पण काय सांगू? माझं सुटलं तवा मी तुझ्या दाजीला सांगितलं असतं तर..." ते थांबले. मग ते म्हसोबाकडे तोंड करून, शेजारच्याशी बोलावं तसे म्हणाले, "देवा, तुला दिलेली परत नेतो. राग मानू नको. काम झालं की आणून ठिवीन." आणि माझ्याकडे वळून, "चल, कुठं दाखवायची ते दाखव. नाव माझं लिव्हा. मोठ्या अक्षरात लिव्हा."

उतरताना ताई पुढे बसली. पाटी तिच्या मांडीवर होती. निम्म्या घाटात तिने अण्णांना विचारलं, "तुम्ही जेवलात का सकाळी?"

साहेबांनी मधू अण्णांचा जबाब घेतला. ते म्हणाले, "दोन झाले. अजून आणा." दुकानदाराकडेही मी गेले. तुमच्या गावाकडचा माणूस आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही, तेवढं तुमचं ऐकते. त्याने चांदणीचे राहिलेले खोके कपाटातून काढून माझ्यासमोर बाजूला ठेवले आणि म्हणाला, "भास्करभाऊने एकदा तरी बोलायचं होतं." तो रडत होता, दाजी. तुम्ही ज्याला जपायला गप्प राहिलात, त्याला तुमच्या बोलण्याने जेवढं लागलं असतं त्याहून जास्त लागलंय. हा आपला वाद मी जिंकले असं आता म्हणता येईल. म्हणवत नाही. तुम्ही समोर बसून "बघू" म्हणायला हवे होतात.

तुमची पाटी तिथेच आहे, गोंड्यासकट. ती उचलणारा हात आता नाही, म्हणून ती तिथेच राहील. पण तिच्या आजूबाजूच्या पाट्यांचे हात आहेत. रोज स्टेअरिंगवर आहेत. म्हणून दाजी, जरा बाजूला सरा. मला वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

तुम्ही पेठच्या रस्त्याने पिकअप चालवता. तुमच्या गाडीचं पॅड कधीतरी पाटी सोडून निघालं, तुम्ही वाचलात, पाटी म्हसोबाला ठेवलीत आणि कोणाला बोलला नाहीत. भास्कर खैरनारही बोलले नव्हते. घाटात त्यांनी शेवटपर्यंत गिअर टाकले, हॉर्न दाबून धरला आणि गाडी डोंगराला घातली, आणि तुम्ही त्यांच्या दशक्रियेला "न्यूट्रल" ऐकून मान हलवलीत. येत्या सर्वपित्री अमावास्येला सकाळी घाटाच्या माथ्यावर या. मधू अण्णा आणि आम्ही दोघी बहिणी तिथे असू. नारळ आम्ही आणतो. देवाची परवानगी तुमची तुम्ही मागा. तुमच्या हाताने ठेवलेली पाटी तुमच्याच हाताने उचला, आणि ती हातात धरून तुमचं नाव मोठ्याने सांगा.